मध्यवस्तींतील खोली

परगांवीं गेल्यावर उतरावें कोठें, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीस फारसा पडत नसे. मुंबईस कोणी ना कोणी आप्त असे. त्याच्या दारीं वळकटी टाकली कीं काम झालें. एका खोलींत सात माणसें असलीं तर आठव्यानें कोठें निजावें याची चिंता घरची गृहिणी करी, पाहुण्यानें ती करावयाची नसे. जेथें आप्त नसे तेथें धर्मशाळा असे, आणि जेथें धर्मशाळाही नसे तेथें जाण्याचें कारणच सहसा पडत नसे. पैसे मोजून परक्याच्या छपराखालीं निजणें ही गोष्ट व्यापाऱ्यांची, नाहीं तर पुढाऱ्यांची. याच संस्कारांत वाढलेले आम्ही गेल्या उन्हाळ्यांत मुंबईच्या ऐन मध्यवस्तींत, बोरीबंदराजवळच्या एका लॉजमध्यें, रोख पैसे मोजून राहिलों. आणि तेंही ठाण्यास सख्खा मेहुणा असतांना. हें कसें घडलें व त्यांतून आम्हांस काय उमजलें, तें या वार्षिकाच्या वाचकांस सांगावें असें मनांत आलें. येथील कित्येक पालकांवर असाच प्रसंग आज ना उद्यां यावयाचा आहे.

आमची कन्या याच विद्यालयाची विद्यार्थिनी. येथील चित्रकलेच्या वर्गांत तिच्या हातीं प्रथम कोळशाची कांडी आली, आणि तेव्हांपासून आमच्या घरांतील एकही पाठकोरा कागद कोरा राहिला नाहीं. बारावीनंतर चित्रकलेचेंच शिक्षण घ्यावयाचें असें तिनें सांगितलें, तेव्हां आम्हीं पुष्कळ खळखळ केली. चित्रें काढून पोट कसें भरेल, हा प्रश्न बापानें विचारावयाचा असतो, म्हणून आम्हींही विचारला. तिनें वाद घातला नाहीं. ती चित्रें काढीत राहिली. शेवटीं आम्हीं प्रवेशपरीक्षेस बसण्याची अनुज्ञा दिली. परीक्षेचें केंद्र मुंबईस कोट भागांत होतें. सकाळीं साडेनऊला आरंभ आणि बरोबर नऊ वाजतां दरवाजा बंद, असें पत्रकांत स्वच्छ छापलेलें होतें.

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्याची नव्हे, त्याच्याही मागल्या उन्हाळ्याची. आदल्या दिवशीं आम्ही व कन्या ठाण्यास मेहुण्याकडे उतरलों. भाचीचें कोडकौतुक करण्यांत मामानें कांहींच उणें ठेवलें नाहीं. सकाळच्या लोकलगाडींत मोठा चित्रफलक घेऊन शिरणें म्हणजे फलकाचे तरी तुकडे व्हावयाचे, नाहीं तर सहप्रवाशांच्या बरगड्यांचे. म्हणून त्यानें स्वतःच्या खिशांतून भाड्याची मोटार ठरविली. सात वाजतां निघालों. कोटापर्यंत पोहोंचावयास दोन तास पुष्कळ झाले, असें सर्वांचेंच मत पडलें. घाटकोपरच्या अलीकडे एक मालमोटार रस्त्याच्या मधोमध बंद पडली होती. तिच्यामागें वाहनांची जी रांग लागली, तींत आमची मोटार पाऊण तास जागची हलली नाहीं. पुढच्या आसनावर बसलेला मामा दर दोन मिनिटांनीं घड्याळ पाही आणि दर वेळीं "पोहोंचूं, पोहोंचूं" असें म्हणे. पोहोंचलों तेव्हां नऊ वाजून बावीस मिनिटें झालीं होतीं.

द्वारपाल अत्यंत सौजन्यानें बोलला, आणि तितक्याच सौजन्यानें त्यानें दार उघडलें नाहीं. नियम सर्वांस सारखा होता; त्याला आम्ही दोष देत नाहीं. परंतु मुलीचें एक वर्ष त्या बंद दाराबाहेर राहिलें. ती रडली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. तिनें आदल्या रात्रीं सर्व पेन्सिलींना टोंकें काढून त्या एका फडक्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या. घरीं परतल्यावर ती गुंडाळी तिनें फळीवर ठेविली, आणि महिनाभर ती सोडली नाहीं. जातां येतां ती गुंडाळी आमच्या दृष्टीस पडे.

त्या वर्षांत आम्हीं मुंबईचा एक मोठा नकाशा आणून भिंतीस लाविला व रोज जेवणानंतर त्याच्यापुढें उभे राहूं लागलों. पाहतां पाहतां एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. इतर नगरांत मध्यवस्ती बहुधा मधोमध असते. मुंबईंत ती टोंकाला आहे. मूळचीं सात बेटें भर घालून जोडलीं गेलीं आणि त्यांतून दक्षिणोत्तर असा एक लांबट, अरुंद भूभाग झाला. इंग्रजांचा किल्ला दक्षिणेस होता. १८६० नंतरच्या दशकांत त्याचे तट पाडले गेले, तरी पेढ्या, न्यायालय व कचेऱ्या त्याच्याच आश्रयानें वाढल्या, आणि अद्यापही त्या भागास लोक कोट अथवा फोर्ट असेंच म्हणतात. वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली, कारण उरलेल्या तिन्ही बाजूंस पाणी. अलीकडे वांद्रें-कुर्ला संकुलासारखीं दुसरीं केंद्रें निघालीं आहेत, तरी कोटाची ओढ सुटलेली नाहीं. रोज सकाळीं लाखों माणसें दक्षिणेकडे लोटतात आणि संध्याकाळीं तींच माणसें उत्तरेकडे परततात. ज्या घराला एकच दार आहे, त्या घरांतील लग्नाच्या दिवशींची गर्दी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांची कल्पना येईल.

या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तें चौतीस किलोमीटरांचें अंतर तिनें सुमारें एका तासांत कापलें. आम्हीं जवळजवळ तेंच अंतर, तिच्यानंतर एकशें सत्तर वर्षांनीं, मोटारींत बसून दोन तास बावीस मिनिटांत कापलें. रस्ते वाढले नाहींत असें मुळींच नाहीं. क्रॉफर्ड मार्केटाकडून भायखळ्याकडे जाणारा लांब उड्डाणपूल २००२ सालीं झाला, वांद्रें-वरळी सागरी सेतु २००९ सालीं झाला, पूर्व मुक्त मार्ग २०१३ सालीं खुला झाला. २०२४ सालीं पश्चिमेचा किनारी रस्ता खुला होऊं लागला व भुयारी मेट्रोचा पहिला टप्पाही त्याच वर्षीं सुरू झाला. परंतु मुक्त मार्ग कितीही मुक्त असला तरी तेथपर्यंत पोहोंचावें लागतें, आणि त्यावरून उतरल्यावर पुन्हां जुन्याच गल्लींत शिरावें लागतें. आम्ही तर त्याच्या तोंडापर्यंतही वेळेवर गेलों नव्हतों. नकाशापुढें उभे राहून आम्हीं जो निर्णय केला तो इतकाच कीं, परीक्षेच्या दिवशीं कोणत्याही वाहनावर विसंबावयाचें नाहीं. जेथून पायीं जातां येईल तेथें आदल्या रात्रीं निजावयाचें.

निर्णय करणें सोपें होतें, तो घरांत सांगणें कठीण होतें. मंडळी म्हणाली, "अहो, दादाला काय वाटेल? सख्खा भाऊ असतांना लॉजांत उतरायचं? आणि एवढे पैसे?" पैशांचें उत्तर आमच्याजवळ होतें. दोन रात्रींचे पांच हजार रुपये ही आमच्या संसारांत लहान रक्कम नव्हे. परंतु गेलेल्या वर्षाची किंमत त्याहून अधिक होती. दादाला काय वाटेल, याचें उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हतें. आम्हीं स्वतःच त्याला दूरध्वनीवरून कळविलें. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "दाजी, गेल्या वर्षीं मोटार मी ठरवली होती, म्हणूनच ना?" आम्ही तत्काळ "छे, छे" म्हणालों. परंतु ती "छे, छे" पूर्ण खरी नव्हती, आणि ती पूर्ण खरी नाहीं हें त्यालाही कळलें. "बरं," एवढेंच तो म्हणाला, आणि संभाषण संपलें. ज्या गृहस्थानें आमच्या मुलीसाठीं पदरचे पैसे खर्च केले, त्याच्याच मनाला आम्हीं डागणी दिली, ही टोंचणी घेऊन आम्ही गाडींत बसलों.

आदल्या दिवशीं दुपारीं छत्रपति शिवाजी महाराज स्थानकांत उतरलों. वाचकांपैकीं वडीलधारी मंडळी त्यास अजून व्ही. टी. म्हणत असेल. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञानें आंखलेली ही इमारत १८७८ सालीं सुरू होऊन १८८८ सालीं पुरी झाली. २००४ सालीं तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिच्यावरील पानें, पक्षी, माकडें यांच्या कोरीव कामांत शेजारच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ही माहिती कन्येनें आम्हांस पुरविली, आणि भर उन्हांत, डोक्यावर पिशवी धरून, ती पंधरा मिनिटें मान वर करून उभी राहिली. मागून येणाऱ्या प्रवाशांनीं आम्हां दोघांस दोन वेळां ढकललें व एकदां शिव्याही दिल्या. मुंबईंत थांबून वर पाहणें हा एक प्रकारचा अपराधच आहे, असें दिसतें.

लॉज एका गल्लींत, तिसऱ्या मजल्यावर होता. जिना लांकडी, अरुंद, आणि मध्यें झिजून खोलगट झालेला. खोली इतकी लहान कीं चित्रफलक उभा ठेवावा तर दार उघडेना, आणि आडवा ठेवावा तर पाय कोठें टेकावा हें कळेना. अखेरीस तो पलंगावर निजला आणि आम्ही खुर्चीवर बसलों. पलंगावरील चादर स्वच्छ होती. खिडकी उघडली कीं समोरच्या इमारतीची भिंत हात लांबवून शिवतां येईल अशी होती. इतक्या पैशांत आमच्या तालुक्याच्या गांवीं आठवडाभर हवेशीर घर मिळालें असतें, असें आम्ही पुटपुटलों. तें व्यवस्थापकांच्या कानीं गेलें. ते वयस्कर गृहस्थ चष्मा पुशीत म्हणाले, "खोली लहान आहे खरी साहेब, पण पाहिजे तिथं आहे." यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

संध्याकाळीं परीक्षाकेंद्रापर्यंतची वाट पायीं चालून पाहिली. एकदां घड्याळ लावून गेलों तों चौदा मिनिटें लागलीं. पुन्हां गेलों तों गर्दीमुळें एकोणीस. दादाभाई नवरोजी मार्गाच्या दोन्ही बाजूंस इमारतींखालून कमानींची सलग वाट आहे. जुन्या काळीं ज्या कोणी ती बांधावयास लाविली, त्याला पायीं चालणाऱ्याचें ऊन आणि पाऊस ठाऊक असले पाहिजेत. आज त्या कमानींत विक्रेत्यांनीं दुतर्फा मांडणी केलेली असते, तरीही मनुष्य पुढें सरकतो. बाजूच्या रस्त्यावर मात्र मोटारी, टॅक्सी आणि बसगाड्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून उभ्या होत्या. आंतील माणसांच्या मुद्रा पाहतांच आमच्या पोटांत खड्डा पडला. बरोबर एक वर्षापूर्वीं त्याच मुद्रा आमच्या होत्या. एका टॅक्सींत बसलेल्या गृहस्थास आम्हीं पायीं चालत तीन वेळां मागें टाकलें.

परत येतांना महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजेच जुन्या नांवाचें क्रॉफर्ड मार्केट, लागलें. ही मंडई १८६९ सालची. तिच्या दर्शनी भागावर शेतकऱ्यांचीं व कष्टकऱ्यांचीं जीं उठावशिल्पें आहेत, तीं लॉकवुड किपलिंग यांचीं. 'जंगल बुक' लिहिणारे रडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. जवळच असलेल्या, १८५७ सालीं स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेंत ते शिकवीत असत. कन्येनें वही काढली. खालीं पेरूच्या, आंब्यांच्या आणि मोसंब्यांच्या पाट्या, मध्यें हातगाड्यांची ओरड, आणि वर शांतपणें उभा असलेला तो दगडी शेतकरी. तिनें खालच्या माणसांनाच अधिक वेळ काढलें. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, वरचा उद्यां पण असेल."

तेथून थोड्याच अंतरावर सरदारगृह आहे. हेंही एके काळचें उतारगृहच. पुण्यास स्वतःचा वाडा असलेले लोकमान्य टिळक मुंबईस आले कीं येथें उतरत, आणि येथेंच १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या इमारतीकडे पाहतांना आमच्या मनावरचें ओझें थोडें हलकें झालें, हें कबूल करतों. मुंबईंत त्यांना घर देणारे स्नेही थोडे का असतील? तरी कामाच्या माणसानें कामाच्या जवळ उतरावें, यांत नात्याचा कांहीं अवमान नाहीं, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. समजूत घालतांना मोठ्यांचें उदाहरण सांपडलें कीं माणसाला बरें वाटतें.

रात्रीं साडेनऊ वाजतां दारावर टकटक झाली. दार उघडलें तों दारांत मेहुणा! अंगावरील सदरा घामानें भिजलेला, हातांत तीन खणी डबा. "हॉटेलचं अन्न खाऊन पोट बिघडलं तर उद्यां काय करील ही?" असें म्हणत तो आंत आला, म्हणजे येऊं लागला, कारण तिसऱ्या माणसास उभें राहण्यास जागाच नव्हती. भाचीनें पलंगावर बसून मामीच्या हातचीं थालीपिठें खाल्लीं. मामा दारांत उभा राहून तिला विचारीत होता, "खोडरबर घेतलंस? चिमटे घेतलेस? पाण्याची बाटली?" लॉजच्या भाड्याचे पैसे आपण देणार, असेंही त्यानें सांगून पाहिलें. आम्हीं ते घेतले नाहींत. मग तो हळूच म्हणाला, "दाजी, तुम्हीं केलंत तेंच बरोबर. मला तें गेल्या वर्षींच सुचायला हवं होतं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याला रात्रीं तेथेंच ठेवून घ्यावें, तर तिसरें माणूस ठेवण्याचा नियम नव्हता. अकराच्या सुमारास तो ठाण्याची गाडी पकडण्यास गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकूं येत राहिला.

त्या रात्रीं कन्या गाढ निजली. आम्हांस मात्र झोंप म्हणून आली नाहीं. मध्यवस्तीची रात्र ही रात्र नसतेच. अकरापर्यंत मोटारींचे भोंगे. मग दुकानांचीं लोखंडी दारें खालीं ओढल्याचा खडखडाट. बारानंतर हातगाड्यांचीं चाकें. एक वाजतां कोणी तरी कोणाला तरी चौथ्या मजल्यावरून हांक मारून चावी मागतो. आणि अडीचच्या पुढें कोठें एका जागीं सर्व आवाज थांबतात, तों अर्ध्या घटकेंत पहिल्या मालगाड्यांच्या फळ्या आपटूं लागतात. जें शहर दिवसा आपल्याला वाट देत नाहीं, तें रात्रीं आपल्याला झोंपही देत नाहीं. मध्यभागीं राहण्याचें हें वेगळें भाडें आहे. तें पावतीवर लिहिलेलें नसतें.

एकच्या पुढें आम्ही दार उघडून बाहेर आलों. बोळांत एका सतरंजीवर लॉजचे नोकर, पन्नाशीचे एक काका, उशाशीं चपला घेऊन पडले होते. ते उठून बसले. "झोप येत नाय का साहेब? पहिल्या रात्रीं कुणालाच येत नाय." आम्हीं त्यांना घर कोठें म्हणून विचारलें. कसाऱ्याच्या पलीकडे एका पाड्यावर, असें ते म्हणाले. "इथून कसाऱ्याला अडीच तास, मंग जीप, मंग चालायचं. रोजचं कसं जमंल? पंधरा दिवसांनीं जातों. बाकीचं हितंच." हितंच म्हणजे त्या सतरंजीवर. किती वर्षें, असें आम्हीं विचारलें. "चौदा झालीं." मग त्यांनींच विचारलें, "पोरीची परीक्षा हाय ना? पाणी किती वाजतां गरम करूं?" आम्हीं साडेपांच सांगितलें. ते "बरं" म्हणून पुन्हां आडवे झाले.

खोलींत परतल्यावर आम्ही बराच वेळ खिडकीशीं बसलों. आम्हीं पैसे मोजून दोन रात्रींपुरतें अंतर विकत घेऊन टाकलें होतें. ज्यांच्या हातचें गरम पाणी आम्हांस मिळावयाचें होतें, त्यांना तेंच अंतर विकत घेतां येत नव्हतें. म्हणून ते चौदा वर्षें बोळांत निजत होते. त्या गल्लींत, त्या मंडईंत, त्या कमानींखालीं संध्याकाळीं जीं माणसें आम्हीं पाहिलीं, त्यांतील बहुतेक कोठून कोठून दोन दोन तास उभ्यानें येऊन, पुन्हां तितकेच तास उभ्यानें गेलीं असतील. आणि मेहुणा एक डबा घेऊन येऊन जाऊन तीन तास हिंडला होता. शहराच्या मध्यभागीं कोणी आरामांत असला, तर त्याच्या वाटणीचें अंतर दुसरा कोणी तरी चालत असतो. हें आम्हांस त्या रात्रीपूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर आम्ही मान डोलाविली असती. कळलें असतें असें मात्र नाहीं.

साडेपांचला पाणी आलें. सात वाजतां आम्ही निघालों. पहांटेनंतरचा तो तास मुंबईचा सर्वांत देखणा तास असावा. रस्ता धुतल्यासारखा मोकळा होता, कमानींतील मांडण्या ताडपत्रीखालीं झांकलेल्या होत्या, आणि फलक दोन्ही हातांनीं धरून चालण्यास कन्येस कोणाचाही अडथळा झाला नाहीं. बारा मिनिटांत आम्ही केंद्रापाशीं पोहोंचलों. दार बंद होतें. पण तें अद्याप उघडावयाचें होतें म्हणून बंद होतें. आणि त्या दाराशेजारच्या कट्ट्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून, मेहुणा बसला होता.

तो पांचच्या गाडीनें आला होता. रात्रीं साडेबाराला घरीं पोहोंचून, चारला उठून, पुन्हां तो तेथें हजर होता. "कां रे आलास?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "दार उघडतांना बघायचं होतं." कन्या कांहीं बोलली नाहीं. ती त्याच्या शेजारीं बसली, तिनें पेन्सिलींची गुंडाळी काढून त्याच्या हातांत दिली आणि फलकाला कागद लावूं लागली. आठाला दार उघडलें. ती आंत गेली, तेव्हां तिनें वळून पाहिलें तें मामाकडे. आम्हांस त्याचा हेवा वाटला नाहीं.

दिवसभर आम्ही व मेहुणा इराण्याच्या हॉटेलांत ब्रून मस्का व चहा घेत, मग मंडईंत हिंडत, मग पुन्हां चहा घेत काढला. गेल्या वर्षाचा विषय निघाला नाहीं. तो निघण्याची गरज उरली नव्हती. परीक्षा संपल्यावर मामा म्हणाला, "आतां तरी घरीं चला." खोली दुसऱ्या रात्रीसाठींही घेतलेली होती, पण आम्ही निघालों. निघतांना त्या काकांना आम्हीं सांगितलें, "आज ही खोली मोकळी आहे, भाडें दिलेलें आहे, आज तुम्ही पलंगावर निजा." ते हंसले व व्यवस्थापकांकडे पाहूं लागले. व्यवस्थापकांनीं चष्मा काढून पुसावयास घेतला आणि ते कांहींच बोलले नाहींत. पुढें काय झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. मौन ही संमति मानली गेली असावी, अशी आमची आशा आहे.

निकाल लागला. पहिल्या पसंतीची संस्था कन्येस मिळाली नाहीं; दुसरी मिळाली, तीही मुंबईंतच. आतां ती ठाण्यास मामाकडे राहते आणि रोज सकाळच्या गाडीनें फलक घेऊन जाते. ज्या गर्दींत फलक शिरणें अशक्य असें आपण सर्वांनीं ठरविलें होतें, त्याच गर्दींत तो रोज शिरतो. कसा, असें आम्हीं तिला पत्रांत विचारलें. तिनें लिहिलें कीं, डब्यांतील बायका प्रथम ओरडतात, मग "पोरीचा बोर्ड आहे, सांभाळा ग" असें म्हणत तो हातोहात डोक्यांवरून पुढें देतात आणि वरच्या फळीवर आडवा ठेवतात. उतरण्याचें स्थानक आलें कीं तसाच तो हातोहात दाराशीं परत येतो. आतां त्यांतील कित्येकींस ती कोणत्या डब्यांत चढते तेंही ठाऊक झालें आहे, आणि ती दिसली नाहीं तर त्या चौकशी करतात.

पालकबंधुभगिनींनो, परीक्षेचा, मुलाखतीचा, रुग्णालयाचा असा चुकवूं नये असा दिवस असेल, तर साधत असेल तोंवर कामाच्या जवळ उतरावें, आदल्या संध्याकाळीं वाट पायीं चालून पाहावी, आणि त्यासाठीं चार पैसे खर्च झाले तर त्याची लाज बाळगूं नये. इतकें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. आप्तांस मात्र तें आधीं मोकळ्या मनानें सांगावें, अर्धवट "छे, छे" म्हणून नव्हे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कधीं अशा शहराच्या मध्यभागीं राहिलांत, तर बोळांत निजणाऱ्याचें गांव कोणतें तें एकदां विचारा. आणि गर्दींत कोणाचा फलक आला, तर आधीं ओरडलांत तरी चालेल, पण मग तो पुढें द्या.